तोल जातो, तरी सायकलला मोटर बसवून चालवायची आहे (जोडणी, सराव, अनुभव हवेत)

पायडल_परत

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी माझी अडचण सांगतो. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या इन्फेक्शनसाठी बरेच दिवस जेंटामायसिनची इंजेक्शनं घ्यावी लागली. जीव वाचला, पण दोन्ही कानांच्या आतला तोल सांभाळणारा भाग कायमचा गेला. ऐकायला नीट येतं, खोली गरगर फिरते तशी चक्करही येत नाही. पण चालायला लागलो की समोरच्या पाटीवरची अक्षरं हलतात, उभा राहिलो की परत स्थिर होतात. अंधारात पायाखालची जमीन कुठे आहे तेच कळत नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की नळ धरून उभं राहावं लागतं.

या आजारपणाआधी मी रोज सायकलवर असायचो. मध्यंतरी न राहवून एकदा बसलो, आठ-दहा पायडल मारली आणि डावीकडे आडवा झालो. परत उठलो, परत तेच. मग एका मोकळ्या, किंचित उताराच्या रस्त्यावर नेऊन सोडली तर सायकल आपोआप वेग धरत गेली आणि मी चक्क सरळ गेलो, चांगला दोन मिनिटं, आणि थांबताना पडलो. त्या दिवसापासून डोक्यात हेच बसलंय की माझा तोल वेग असताना जात नाही, निघताना आणि थांबतानाच जातो. मग मोटर लावली तर निघतानाची ती पहिली दहा-पंधरा फूट ती ओढून नेईल का? वेगाची हौस अजिबात नाही, ताशी १५ किमी खूप झाले. दुकानात मिळतो तो ऐंशी सीसीचा पेट्रोल किट घ्यावा की बॅटरीचा? कुणी अशा अवस्थेत चालवलीय का? घरचे सरळ नको म्हणतायत, त्यांचंही चूक नाही.

पाना_पक्कड

दादा, पेट्रोल किट डोक्यातून काढून टाका. मी तसे दोन बसवलेत म्हणून सांगतो. टू-स्ट्रोक किटला आधी पायडल मारून सायकल पळवावी लागते, मग डाव्या हाताचा क्लच सोडायचा, त्या क्षणी इंजिन सुरू होताना सायकलला दणका बसतो. म्हणजे तुमचा तोल जिथे जातो बरोब्बर तिथेच तुम्हाला जोरात पायडल मारायचंय, एक हात क्लचवर ठेवायचाय आणि वरून हिसका सहन करायचाय. शिवाय हँडल, सीट, पायडल सगळं थरथरतं. तुमचा कान गेलाय म्हणजे आता हात, पाय, बूड यांच्याकडून जे कळतं त्यावरच सगळी भिस्त, आणि ती थरथर नेमकं तेच झाकून टाकते.

बॅटरीची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसते ती) घ्या, २५० वॅटची गिअरवाली, मागच्या चाकात. पुढच्या चाकात बसवणं सोपं आहे म्हणून सगळे तिथे बसवतात पण तुम्ही नका बसवू. वाळू किंवा ओल्या पानांवर पुढचं चाक फिरलं की हँडल हातातून जातं, ते सावरायला चांगल्या तोलाच्या माणसालाही जमत नाही. मागचं चाक घसरलं तर सावरायला निदान थोडा वेळ मिळतो.

उजवा_कान

दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला कारण माझं असंच पण एका बाजूचं. वेस्टिब्युलर न्यूरायटिस (कानातल्या तोलाच्या नसेला सूज) झाला होता, उजव्या कानाचा तोल गेला. एका बाजूचा गेला की मेंदू हळूहळू जुळवून घेतो, मला साधारण आठ महिने लागले. दोन्ही गेले की जुळवून घ्यायला कानाचं काहीच उरत नाही, मेंदू डोळे आणि पाय-सांधे यांच्यावर काम भागवतो, हे मला माझ्या फिजिओने समजावलं होतं. तुमचं उताराचं निरीक्षण मात्र बरोबर आहे. तोलाचा दोष असलेली माणसं रेंगाळत चालताना जास्त झोकांड्या खातात आणि जरा भरभर चालली की सरळ जातात, हे मी स्वतःवर बघितलंय आणि फिजिओही तेच म्हणाल्या.

एक विचारते, रागावू नका. तुम्हाला अचानक गरगरण्याचे झटके येत नाहीत ना? ते येत असतील तर दोन चाकं, तीन चाकं, काहीच नको. कायमचा पण स्थिर दोष आणि कधीही येणारा झटका यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पायडल_परत

नाही ताई, झटके कधीच नाहीत. दोष आहे तो रोज सारखाच आहे, डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलंय. तुम्ही विचारलंत ते बरंच केलंत, दुसरं कुणी वाचत असेल त्याच्याही कामी येईल.

तीनचाकी

मी अटॅक्सियावाला, लहान मेंदूचा दोष, हात-पायही नीट ऐकत नाहीत. सहा वर्षं तीनचाकी चालवतोय. माझा सल्ला सरळ आहे, तीन चाकं घ्या आणि मोकळे व्हा. पण दुकानात जी उंच सीटची, मागे दोन चाकांची तीनचाकी दिसते ती बघून फसू नका. ती उभी असताना पडत नाही म्हणून सगळ्यांना सुरक्षित वाटते, वळणावर मात्र पडते. मी पहिल्याच आठवड्यात उजव्या वळणावर डावीकडे फेकला गेलो, खांदा सहा आठवडे बांधलेला होता.

हिशोब करून बघा. मागची दोन चाकं ७० सेंमी अंतरावर, बसल्यावर वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण १ मीटर. पुढे एकच चाक असल्याने उलटायला लागणारं अंतर ३५ सेंमी राहत नाही, वीस-एकवीसच भरतं. पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर ती ताशी अकरा-बारा किमीलाच आतलं चाक उचलते. तेच पुढे दोन चाकं, मागे एक आणि आडवं टेकून बसायची तीनचाकी घेतली तर वजन अर्ध्या मीटरवर येतं आणि त्याच वळणावर सतरा-अठरापर्यंत चालतं. म्हणून माझी आता ती आहे. मोटर मागच्या एका चाकात.

अजून एक, जुन्या सायकलवाल्यांना तीनचाकी सुरुवातीला फार घाबरवते. सायकल आपण अंग कलवून वळवतो, तीनचाकी कलतच नाही, नुसतं हँडल फिरवायचं. एका बाजूला उतरता रस्ता असला की ती तिकडे ओढते आणि जुनी सवय म्हणते की अंग दुसरीकडे टाक. निदान आठवडाभर रिकाम्या मैदानात काढा.

पायडल_परत

दादा, हिशोबासकट लिहिलंत, मनापासून धन्यवाद, मला ती उंच तीनचाकी घ्यायचा मोह झालाच होता. पण खरं सांगू का, मला दोनच चाकं हवीत. हट्ट म्हणा. चार वर्षं सगळं सोडत आलोय, हे एवढं एक परत पाहिजे. झालं नाही तर तुमच्यासारखी आडवी तीनचाकी घेईन, शब्द देतो.

छर्रे_आणि_ग्रीस

हट्ट मुळीच नाही. सायकल पडत का नाही हे कळलं की तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते दिसेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सायकल डावीकडे झुकली की आपण नकळत हँडल डावीकडे वळवतो, चाकं झुकलेल्या अंगाखाली येतात आणि सायकल परत उभी राहते. तोल सांभाळणं म्हणजे दर क्षणाला हेच चालू. आता हँडल वळवल्यावर सायकलला आडवा जोर किती मिळतो ते वेगाच्या वर्गावर ठरतं. ताशी ५ किमीला जेवढं हँडल वळवून जेवढा जोर मिळतो, तेवढंच हँडल ताशी १५ ला वळवलं की नऊपट मिळतो. म्हणून हळू असताना हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत झुलवावं लागतं आणि झुकलोय हे लवकर कळावं लागतं. ते लवकर कळवणारा कानच नाही, म्हणून तुम्ही तिथे पडता. वेगात झुकणं जरा उशिरा कळलं तरी चिमूटभर हँडलने भागतं, वर सायकल स्वतःही मदत करते. नुसती ढकलून सोडलेली रिकामी सायकल काही अंतर सरळ जाते ती याचमुळे. डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी याचा हिशोब मांडला तेव्हा त्यांच्या नमुन्याच्या सायकलला सेकंदाला साधारण ४ ते ६ मीटर या वेगात, म्हणजे ताशी १५ ते २२ किमीच्या आसपास, माणसाशिवायही उभं राहता येत होतं. पुढे २०११ मध्ये त्यांनी चाकांचा भोवऱ्यासारखा गुण आणि पुढच्या चाकाचा ट्रेल (हँडलच्या आसाची रेघ जमिनीला मिळते तिथून मागे चाक टेकतं ते अंतर) हे दोन्ही काढून टाकून बनवलेली सायकलही आपोआप उभी राहते हे दाखवलं. माझं म्हणणं एवढंच की तुमचा ताशी १५ चा अंदाज अगदी मोक्याच्या जागी बसलाय.

पहिल्या वेळी पडलात तेव्हा समोर बघत होतात की पुढच्या चाकाकडे?

पायडल_परत

चाकाकडेच. पडायची भीती होती.

उजवा_कान

मग निम्मं उत्तर तिथेच आहे हो. आपल्याकडे आता डोळे हाच तोल, आणि ते जवळच्या हलत्या वस्तूवर लावले की काही कळत नाही. वीस-पंचवीस मीटर लांबचं न हलणारं काहीतरी पकडा, खांब, झाड, कोपरा. मागे वळून बघणं तर बंदच करा, मान फिरवली की मला अजूनही हँडल त्याच बाजूला जातं. हँडलवर दोन्हीकडे आरसे लावा, हेल्मेटवरचा छोटा आरसा नको, तो डोक्याबरोबर हलतो आणि आपलं चित्र आधीच हलतंय. आणि झाडांच्या सावल्या पट्ट्यापट्ट्यांनी पडतात तो रस्ता सुरुवातीला टाळा, उजेड-अंधार उजेड-अंधार झाला की मला गरगरतं. रात्री नाहीच.

पाना_पक्कड

आता जोडणीचं, मध्ये मध्ये माझी मतंही घालतो.

फ्रेम बिनदांडीची घ्या, लेडीज सायकल म्हणतो ती. पाय मागून टांगून चढताना तोल जातो, बिनदांडीत नुसतं आत पाऊल टाकायचं. मागच्या ड्रॉपआउटला, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या फ्रेमच्या खाचेला, स्टील बघा. मोटरचा आस दोन्ही बाजूंनी सपाट असतो, मधे १० मिमी, आणि मोटर जोर लावते तेव्हा तो आस ड्रॉपआउटमध्ये उलटा फिरायला बघतो. ३५ न्यूटन-मीटर धरले तर त्या दहा मिमीच्या सपाटीवर साडेतीनशे किलोच्या आसपासचा जोर येतो. अल्युमिनियम त्याने फाटतं, आस फिरतो, वायर पिळून तुटते आणि चाक निखळतं. म्हणून टॉर्क आर्म (आस फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी बांधणारी पट्टी) दोन्ही बाजूंना लावाच, आणि पहिल्या पन्नास किमीनंतर नट परत आवळा.

बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॅट-तास. किमीला दहा-बारा वॅट-तास लागले तरी तीस किमी. ती कॅरिअरवर ठेवू नका, उंच आणि मागे तीन किलो लटकले की सायकल शेपटीसारखी हलते. खालच्या नळीवर बसवा. बिनदांडीच्या फ्रेममध्ये जागा कमी असते, मग सीटच्या नळीमागे चाकाच्या पुढे येणारी मिळते. पॅक बीएमएसवाला (सेल जास्त चार्ज किंवा पूर्ण रिकामे होऊ न देणारं सर्किट असलेला) तयार घ्या, सेल सुटे आणून घरी जोडत बसू नका, मी स्वतः वायरिंग करतो तरी तयार घेतो. पूर्ण चार्जला ४२ व्होल्ट दिसले पाहिजेत, रात्री झोपेत चार्जिंगला लावायची नाही, आणि बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज.

आता तुमच्यासाठी सर्वात महत्त्वाचं. किटबरोबर पायडलचा सेन्सर येतो, चुंबकांची चकती असते ती. तो पायडल थोडं फिरल्याशिवाय मोटर चालू करत नाही आणि पायडल थांबवल्यावरही क्षणभर मोटर चालूच राहते. तुम्हाला हे दोन्ही घातक. तो काढून ठेवा. अंगठ्याने दाबायचं थ्रॉटल लावा, पिळायचं नको, पडताना माणूस हँडल घट्ट धरतो आणि पिळायचं थ्रॉटल तेव्हा पुरं उघडतं. दोन्ही ब्रेकला कटऑफ स्विच हवेतच, ब्रेकला बोट लागलं की मोटर बंद. आणि कंट्रोलरचा, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणाऱ्या डबीचा, करंट कमी करा. १५ अँपिअरचा कंट्रोलर ३६ व्होल्टला पाचशे वॅटच्या वर खेचतो, नाव जरी २५० चं असलं तरी, आणि निघताना जो झटका बसतो तो त्याचाच. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ७-८ वर आणा, सॉफ्ट स्टार्ट (जोर हळूहळू वाढवणारी सोय) असेल तर चालू करा.

जुना_वाचक

मी स्पष्ट लिहितो, राग नसावा. हे सगळं वाचायला छान आहे पण रस्त्यावर दुसरी माणसं असतात, लहान मुलं असतात. तुमचा तोल गेला तर तुम्ही पडाल, पण मागच्या गाडीवाल्याचं काय? आणि मोटर लावलेली सायकल किती वॅटपर्यंत, कुठे चालते याचे नियम आहेत, ते कुणी बोलतच नाहीये.

पायडल_परत

बरोबर आहे तुमचं, यात रागवण्यासारखं काही नाही. नियम मी वाचून घेतलेत, त्यात बसतं तेवढंच करतोय. रहदारीत जाणार नाही. घरापासून नदीकडे जाणारा एक बंद जुना रस्ता आहे, गाड्या जात नाहीत, मला तेवढाच हवाय. तिथेही जमलं नाही तर थांबेन.

छर्रे_आणि_ग्रीस

अवांतर, पण इथे शोभेल. १८८५ साली डाइमलर आणि मायबाख यांनी पेट्रोल इंजिनाची दुचाकी बनवली तेव्हा तिला दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं होती. आणि त्याच्याही आधी, १८१७ मध्ये ड्राइसने जी दोनचाकी गाडी काढली तिला पायडलच नव्हतं, पाय जमिनीवर मारत जायचं. तुमचा सराव त्या १८१७ च्या पद्धतीने करा. पायडल काढून टाका, सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, आणि पायांनी ढकलत जा. आधाराची चाकं मात्र नका लावू, ती सायकलला कलू देत नाहीत आणि मग तीच उलटवतात.

पायडल_परत (सात आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितोय पण सगळं केल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पहिले तीन आठवडे मोटर डब्यातच होती. पायडल काढली, सीट खाली, आणि रोज सकाळी वीस मिनिटं पाय मारत फिरलो. पहिल्या दिवशी दर तिसऱ्या पावलाला पाय टेकत होता. दहाव्या दिवशी पाय उचलून मोजलं तर सात सेकंद. विसाव्या दिवशी उतारावर खांबापासून खांबापर्यंत एकदाही पाय टेकला नाही. नजर लांब ठेवायची हे उजवा_कान ताईंचं वाक्य कागदावर लिहून हँडलला चिकटवलं होतं, नंतर लक्षात आलं की ते वाचायला खाली बघावं लागतं, काढून टाकलं.

मग जोडणी. मागच्या चाकातली मोटर, दोन टॉर्क आर्म, बॅटरी सीटच्या नळीमागे. पहिल्यांदा चाक स्टँडवर उचलून अंगठा दाबला तर मोटर फिरली आणि डाव्या ब्रेकला बोट लावलं तरी फिरतच राहिली. उजव्याने थांबली. डाव्या कटऑफची पिन कनेक्टरमध्ये मागे सरकली होती. हे स्टँडवर बघितलं म्हणून बरं. दुकानातून जोडून घेतलेलं वायरिंग होतं, त्यामुळे सांगतो, कुणी कितीही खात्रीने दिलं तरी चाक वर उचलून दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासा.

करंट आठवर ठेवला. आणि पहिल्यांदा निघालो तेव्हाचं सांगतो. डावा पाय जमिनीवर, उजवा पायडलवर, अंगठा हळूच दाबला. मोटरचा बारीक आवाज आला आणि सायकल, कुणीतरी मागून सीटला हात लावून ढकलावं तशी, निघाली. पायडल मारावंच लागलं नाही, त्यामुळे अंग हललं नाही, अंग हललं नाही म्हणून डोळ्यासमोरचं झाडही हललं नाही. डावा पाय उचलून पायडलवर ठेवला तेव्हा डिस्प्लेवर ११ होते. मी रडलो, खोटं कशाला सांगू.

थांबणं अजून कच्चं आहे. ब्रेक लावला की मोटर बंद होते आणि शेवटच्या दोन मीटरमध्ये सायकल लटपटते. दोनदा पडलो, एकदा कोपर खरचटलं.

पाना_पक्कड

कटऑफ पकडलात, फार छान. थांबताना पुढचा ब्रेक सोडून द्या, नुसता मागचा हलका धरा आणि वेग सातच्या खाली यायच्या आतच दोन्ही पाय पायडलवरून काढून खाली लोंबते सोडा. सीट खालीच आहे, तळवे घासत थांबायचं. वर करायची घाई नको.

तीनचाकी

दादा, खूप आनंद झाला. माझ्यासाठी तीन चाकंच बरी, पण तुम्हाला दोन जमली हे वाचून बरं वाटलं. पाऊस पडल्यावर जाऊ नका. आणि बॅटरी संपत आली की थ्रॉटल दाबूनही जोर कमी मिळतो, चढावर निघताना हे अचानक कळतं. एक रेघ उरली की परत फिरा.

नवीन_सभासद

मीही दोन्ही कानांची पेशंट आहे, हा धागा आईने शोधून दिला. सीट जमिनीपासून किती उंच ठेवलीत? आणि तुमची उंची? मी पाच फूट एक इंच.

पायडल_परत

ताई, मी पाच फूट सहा. सीटचा वरचा भाग जमिनीपासून ७४ सेंमी, म्हणजे दोन्ही तळवे टेकून गुडघे किंचित वाकलेले राहतात. आकड्यावर जाऊ नका, तुमच्या उंचीला कमी लागेल. रोजचेच बूट घालून भिंतीला टेकून मापा, तळवा पूर्ण टेकला पाहिजे, टाच अर्धा इंच जरी उचलली तरी अजून खाली घ्या. मापताना जवळ कुणालातरी उभं करा. आणि ऑडिओमेट्रीवाल्यांना (ऐकण्याची तपासणी करणाऱ्यांना) नाही, तोलाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा. मोटर घ्यायच्या आधी पायडल काढून तीन आठवडे करून बघा आणि इथे लिहा, मी रोज बघतो.